समुद्रात सूर्य बुडवू नका!



बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नव्हतं. गुडघे, पाऊस आणि आळस, तिन्ही कारणं खरी आहेत. पण परवा एक चित्र हाती आलं आणि इतका राग आला की लिहायला बसलेच. सगळ्यात आधी स्वतःचाच राग आला, हे सुरुवातीलाच कबूल करते.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत नातीला गिरगाव चौपाटीवर नेलं होतं. बुवापाड्याहून रिक्षाने अंबरनाथ स्टेशन, पुढे दादरला गाडी बदलून चर्नी रोड. मी भेळ खात बसले आणि तिने वही काढली. वीसेक मिनिटांत पेन्सिलीने स्केच केलं. ओहोटीची ओली वाळू, पाठमोरी उभी असलेली एक बाई, पलीकडे मलबार हिलची काळी रेघ. बाजूला बारीक अक्षरात नोंदी : ‘वाळू भिजलेल्या पोत्यासारखी’, ‘पाणी वाळूपेक्षा उजळ’, ‘सूर्य टेकडीमागे गेला’.

घरी आल्यावर आठ दिवस तिचं तेच चाललं होतं. आधी पोस्टकार्डाएवढ्या कागदांवर नुसत्या काळ्या रंगात तीन मांडण्या केल्या. पहिलीत क्षितिज मधोमध आलं, दुसरीत बाई फार मोठी झाली, तिसरीत वाळूने दोन तृतीयांश जागा घेतली. ती तिला पटली. मग रंगांच्या चाचण्या. मग स्केचवर आणि कॅनव्हासवर सारख्या प्रमाणात चौकटी आखून रेखाटन मोठं केलं. आधी पातळ तपकिरी रंगात उजेड-सावली, त्यावर एकेक थर. प्रत्येक पायरीला काहीतरी गळत गेलं. इमारतींच्या खिडक्या गेल्या, भेळवाला गेला. शेवटी ओली वाळू, ती बाई आणि संध्याकाळ एवढंच उरलं.

चित्र स्पर्धेला द्यायचं होतं, म्हणून ती क्लासमध्ये दाखवायला घेऊन गेली. तिथे विचारलं, “सूर्य कुठे आहे? नारळाचं झाड? समुद्रकिनारा वाटायला नको का?” पोर रडवेली होऊन आली. आणि मी, उभा जन्म शिकवण्यात घालवलेली बाई, तिला काय म्हणाले? “अगं, एवढासा सूर्य तर आहे. काढून टाक. बक्षीस मिळेल.”

तिने काढला. नारिंगी, अर्धा बुडालेला. बक्षीसही मिळालं, उत्तेजनार्थ.

परवा कपाट आवरताना ते चित्र आणि ती वही एकदमच हाती आली. चित्रात सूर्य समोर जळतोय आणि वाळूवर त्याचा कणभर उजेड नाही. कसा असणार? वाळू रंगवली होती तेव्हा सूर्य टेकडीमागे होता! गिरगाव चौपाटीवरून सूर्य समुद्रात बुडताना दिसतच नाही, पश्चिमेला मलबार हिल आहे. मुलीने पाहिलेलं खरं होतं. खोटं आम्ही मोठ्यांनी काढायला लावलं.

मंडळी, हा रोग जुना आहे आणि तो पसरवण्यात माझाही हात आहे. चित्रकलेचे शिक्षक रजेवर असले की तो तास माझ्याकडे यायचा. फळ्यावर दोन त्रिकोणी डोंगर, मध्ये सूर्य, खाली होडी, ‘असं काढा’ म्हणायचं आणि निबंधाच्या वह्या तपासत बसायचं. त्या वह्यांतही दुसरं काय होतं? ‘मी पाहिलेला सूर्योदय’, आणि चाळीस वह्यांत गाईडमधला तोच सोनेरी गोळा. मी त्याला गुण दिले.

एलिमेंटरी-इंटरमीजिएट परीक्षांत ‘स्मरणचित्र’ असा विषय आहे. किती छान शब्द! पाहिलेलं आठवून काढायचं. पण क्लासमध्ये तयार मांडण्या पाठ करून घेतात. दहावीला वाढीव गुण मिळतात ना! मग ते स्मरण कशाचं? क्लासच्या फळ्याचं!

इंग्लंडमधला चित्रकार जॉन कॉन्स्टेबल. त्याने १८१४ साली थेम्सच्या मुखाजवळचा हॅडली किल्ला पाहिला आणि छोट्या वहीत पेन्सिलीने टिपला. १८२८ मध्ये त्याची बायको गेली. त्यानंतर त्याने ती वही उघडली, आधी पूर्ण आकाराचं कच्चं तैलचित्र केलं आणि मग पक्कं चित्र १८२९ मध्ये रॉयल अकादमीत मांडलं. एका पानाला पंधरा वर्षं लागली. आपल्याकडे नागावला जन्मलेले प्रभाकर बरवे वह्या लिहीत, त्यांत चित्रांचा विचार करीत. ‘कोरा कॅनव्हास’ हे त्यांचं पुस्तक मराठीतच आहे. ते चित्रकलेच्या किती क्लासांत असेल?

कुणी म्हणेल, “बाई, चाळीस पोरांना समुद्रावर कोण नेणार? आता तर मोबाइलवर फोटो आहेत, शब्द टाइप केला की संगणक चित्रसुद्धा काढून देतो.” अडचण खरी आहे. फोटोलाही माझी ना नाही, आठवणीला मदत होते. पण फोटोत भेळवाला, खिडक्या, बाई सगळं एकाच तोलाचं येतं. त्यातलं काय ठेवायचं हे शेवटी मुलालाच ठरवावं लागतं, आणि ते ठरवणं म्हणजेच चित्रकला. संगणकाला ‘समुद्रकिनारा’ म्हटलं की तो बहुधा तेच सूर्य-नारळ देणार. ते तर आम्ही फळ्यावर फुकट देत होतो.

आणि समुद्र लांब असला तरी कल्याणला दुर्गाडीखाली खाडी आहे. इथून तासाभराची वाट. भरती-ओहोटी तिथेही आहे, चिखल आहे, चिखलावरचा उजेड आहे. शिक्षकांनो, एक तास तिथे घ्या. पालकांनो, बक्षिसाआधी वही बघायला मागा.

पाऊस उघडला की आम्ही दोघी जाणार आहोत. जवळपासचे कुणी नातेवाईक, ब्लॉगवाले येणार असतील तर जरूर कळवा, डबा मी आणीन.

ते चित्र अजून कपाटातच आहे. त्यावरचा सूर्य रंगाने झाकायचा की ठेवायचा, ते नातीने ठरवायचं. या खेपेला मी तोंड उघडणार नाही.