तहानेवर किती दिवस भागवायचं?

स्तंभ : अंगमेहनत

टोमॅटोचा भरलेला क्रेट 20 किलोचा असतो. तो वाकून उचलायचा, मांडीवर टेकवायचा, तिथून डोक्यावर घ्यायचा आणि सरीतून चालत गाडीपर्यंत न्यायचा. उचलताना बाई श्वास रोखते, पोटातला दाब वाढतो आणि तो थेट मूत्राशयावर येतो. कमरेच्या हाडांच्या मध्ये स्नायूंची एक झोळी असते. तिच्यावरच मूत्राशय, गर्भाशय आणि आतडं पेललेलं असतं. तीन-चार बाळंतपणांनी ती झोळी सैल पडलेली असेल तर त्या क्षणी लघवी धरवत नाही. कधी थेंबावर भागतं, कधी आतलं सगळं ओलं होतं. नाशिक जिल्ह्यातल्या हरसूल आणि आसपासच्या पाड्यांवरून गिरणारे, दिंडोरी, पिंपळगावकडे मजुरीला जाणाऱ्या कितीतरी जणींना हे रोजचं आहे. रोजचं असूनही ते टोळीतल्या शेजारणीला सांगितलं जात नाही, डॉक्टरला तर नाहीच.

यावर आपल्याकडे सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे पाणी न पिणं. पहाटे पिकअपमध्ये चढण्याआधी चहा टाळायचा, वाघेरा घाट ओलांडेपर्यंत काही प्यायचं नाही, दुपारी भाकरीबरोबर दोन घोट घ्यायचे आणि अंधार पडल्यावर घरी येऊन तांब्याभर पाणी प्यायचं. पैसे लागत नाहीत, कुणाला कळत नाही, म्हणून हा उपाय सोयीचा वाटतो. प्रत्यक्षात त्याने गळणं वाढतं. पाणी कमी पडलं की लघवी घट्ट होते, मूत्राशयाच्या आतल्या अस्तराला टोचते आणि थोडी साठली तरी कळ येते. जंतुसंसर्ग आणि मुतखड्याची भीती वाढते. बद्धकोष्ठ होतं, मग कुंथावं लागतं आणि त्याच सैल झोळीवर पुन्हा ताण पडतो. फेब्रुवारी ते एप्रिल द्राक्षतोडणीच्या उन्हात उपाशी तहानलेल्या अंगाला चक्कर येते ती वेगळीच.

तेव्हा पहिली गोष्ट, पाणी प्यायचं. एकदम तांब्याभर नको, दिवसभर थोडं थोडं. आणि गळतं त्यासाठी काहीतरी लावायचं. काय लावायचं हे मात्र पाकिटावरच्या चित्रावरून ठरत नाही. ते आपण कोणतं काम करतो, किती वेळाने बदलता येईल आणि बदलायला आडोसा आहे का, यावरून ठरतं.

निवड करण्याआधी दोन-तीन दिवस लक्ष ठेवावं. केव्हा गळलं, काय करताना गळलं आणि किती, थेंब, ओलं की चिंब. खोकताना, शिंकताना, ओझं उचलताना थेंब जातो तो एक प्रकार. अचानक कळ येते आणि आडोशाला पोचेपर्यंत धरवत नाही तो दुसरा. त्यात एका वेळी बरीच लघवी जाते. अनेक बायकांत दोन्ही असतात. पहिल्यासाठी बारीक पॅड पुरतं, दुसऱ्यासाठी पुरत नाही.

मासिक पाळीचं पॅड बहुतेक जणी याही कामाला वापरतात, कारण हरसूलच्या मेडिकलमध्ये तेच समोर दिसतं आणि मागायला तोंड उघडतं. पण पाळीचं रक्त दाट असतं, हळूहळू येतं. लघवी पातळ असते आणि एकदम येते. पाळीचं पॅड ती तेवढ्या वेगाने शोषत नाही, ती बाजूने निघते आणि वरचा थर ओलाच राहतो. लघवीसाठीच्या पॅडमध्ये शोषक पावडर जास्त असते. लघवी लागली की तिचा घट्ट गोळा होतो, ओल खाली अडकते, वासही कमी येतो. घरी पारख करायची तर पॅडवर अर्धा ग्लास पाणी एकदम ओतावं, पाच मिनिटांनी वर कोरडा फडका दाबून बघावा. फडका भिजला तर ते पॅड या कामाचं नाही. थेंबांचा त्रास असेल तर मात्र पाळीच्या पॅडने वेळ निभावते. महागडं पाकीट घेतलंच पाहिजे असं नाही.

जुन्या सुती लुगड्याच्या घड्यांना नाक मुरडायचं कारण नाही. मऊ कापड, पाच-सहा घड्या, दोन-तीन तासांनी बदल, साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवणं, एवढं जमलं तर ते चालतं आणि फुकट पडतं. अडचण असते ती वाळवण्याची. उघड्यावर वाळत घालायला लाज वाटते, म्हणून ते दुसऱ्या कपड्याखाली दडपलं जातं, दमट राहतं आणि मांडीला खाज, पुरळ, बुरशी येते. हरसूलच्या पावसाळ्यात तर आठवडा-आठवडा काहीच वाळत नाही. शोषक थर शिवलेल्या धुऊन वापरायच्या चड्ड्याही आता मिळतात. त्या एकदा घेतल्या की बरेच दिवस टिकतात, पण त्यांनाही ऊन लागतंच.

प्रौढांचे डायपर दोन तऱ्हेचे. एक बाजूने चिकटपट्टी लावायचा, तो अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी. उभ्याने, एकटीने तो नीट बसत नाही. दुसरा चड्डीसारखा चढवायचा. चालतं-फिरतं माणूस दिवसभर कामावर असेल, मध्ये बदलायची सोयच नसेल आणि एकदम बरीच लघवी जात असेल, तर हा दुसरा. एसटीच्या कंडक्टर, लांबच्या गाडीचे ड्रायव्हर, नाशिकला दवाखान्यात रुग्णाबरोबर दिवस काढणारी आई, यांना तो उपयोगी. घेताना कंबर आणि नितंबाचा घेर मोजून घ्यावा. मोठा घेतला म्हणजे जास्त शोषतो असं नसतं. सैल राहिला की मांडीच्या बाजूने गळतो.

आवणीच्या दिवसांत हे सगळे हिशेब उलटतात, आणि पाकिटावर ते कुणी लिहिलेलं नसतं. भाताच्या खाचरात पोटरीभर चिखल, वरून पाऊस, अंगावर प्लास्टिकचा कागद. शोषक पावडर लघवी आणि पावसाचं पाणी यांत फरक करत नाही. डायपर घटकाभरात पावसानेच फुगतो, जड होऊन लोंबतो आणि चालताना घासतो. त्या दिवसांत पातळ सुती कापडच बरं. घरी आल्यावर अंग धुऊन, कोरडं पुसून, खोबरेल तेलाचा हलका हात लावला की पुष्कळ झालं. पॅड लावण्याआधी मात्र तेल फार चोपडू नये. तेलकट थराने पॅडची शोषण्याची ताकद कमी होते.

आश्रमशाळेतली स्वयंपाकीण दिवसभर उभी असते, पण तिला मोरी जवळ असते. तिला बारीक पॅड आणि दोन तासांनी लघवीला जाण्याची सवय पुरेल. अंगणवाडीच्या ताईंचंही तसंच. द्राक्षबागेत थिनिंगला गेलेल्या मजूर बाईचा त्रास कदाचित दोघींहून कमी असेल, पण तिला मोठं पॅड लागतं, कारण तिला दिवसभर जायला जागाच नाही. म्हणजे पॅडचं माप जागेच्या अभावाने वाढतं, आणि त्याचा खर्च मजुरीतून जातो.

पुरुषांनी हा लेख इथे सोडू नये. पन्नाशी-साठीनंतर प्रोस्टेटची गाठ वाढली की धार बारीक होते, लघवी पूर्ण सुटत नाही आणि भरलेल्या मूत्राशयातून थेंब थेंब गळत राहतं. यावर पॅड लावून गप्प बसणं धोक्याचं आहे, कारण तुंबलेली लघवी मूत्रपिंडापर्यंत त्रास पोचवते. मधुमेहातही गळणं वाढतं. रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असेल तर ती कोणत्या वेळी घ्यायची हे डॉक्टरला विचारून कामाच्या वेळेप्रमाणे बदलता येतं.

पॅड हा दिवस निभावण्याचा मार्ग आहे, उपचार नव्हे. उपचार बहुतेकदा साधा असतो. अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी 1948 मध्ये मांडलेला व्यायाम आजही पहिला उपाय मानला जातो. लघवी आणि वारा रोखताना जे स्नायू आवळतो तेच आवळायचे, काही सेकंद धरायचे, सोडायचे. एका वेळी आठ वेळा, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने. पोट आणि मांड्या आवळायच्या नाहीत, श्वास रोखायचा नाही. तो गाडीत बसूनही होतो, कुणाला दिसत नाही. खोकण्याआधी, क्रेट उचलण्याआधी आवळण्याची सवय लागली की फरक जाणवतो. वारंवार कळ येणाऱ्यांनी लघवीला जाण्यातलं अंतर थोडं थोडं वाढवत न्यायचं. मिश्री-तंबाखू आणि चुलीच्या धुराचा जुना खोकला असेल तर तो आधी बरा करायला हवा. दिवसातून पन्नास वेळा खोकणारीला कोणतंच पॅड पुरणार नाही.

काही खुणा दिसल्या तर मात्र थांबायचं नाही, हरसूलचं ग्रामीण रुग्णालय गाठायचं. लघवीत रक्त, आग आणि ताप, पायात बधिरपणा, लघवी अजिबात न होणं. अंग बाहेर येत असेल तर आत बसवायची रिंग मिळते, शस्त्रक्रियाही होते. अडलेल्या बाळंतपणानंतर लघवी सतत, झोपेतही झिरपत असेल तर आत छिद्र पडलेलं असू शकतं. ते शस्त्रक्रियेने बंद करता येतं, आणि त्या बाईला वर्षानुवर्षं घड्या बांधून कोपऱ्यात बसवणं हा अन्याय आहे.

बायका बोलत नाहीत, हे आपण त्यांच्या लाजेवर ढकलतो. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत 650 स्त्रियांची तपासणी केली, ती 1989 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. 92 टक्के स्त्रियांना एक तरी स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता. आधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. विचारणारं कुणी दारात आलं तेव्हा हे दुखणं उजेडात आलं. विचारलं गेलं नाही की काय होतं, ते बीडच्या ऊसतोडणी कामगार स्त्रियांनी दाखवलं. 2019 मध्ये राज्य सरकारच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत 82,309 स्त्रियांपैकी 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली होती. पाळीचा त्रास नको, खाडा नको, म्हणून बाईने अवयवच काढून टाकायचा. फडावर संडास आणि पाणी देण्यापेक्षा ते सगळ्यांनाच सोपं वाटलं.

सरकारचं लक्षही वय बघून वळतं. 2018 मध्ये अस्मिता योजनेत जिल्हा परिषद शाळेतल्या मुलींना 5 रुपयांत 8 पॅड देऊ केली गेली. त्याच वर्षी जुलैत पाळीच्या पॅडवरचा 12 टक्के जीएसटी काढला गेला. चांगलंच झालं. प्रौढांच्या डायपरवर मात्र तो 12 टक्केच राहिला आणि 2025 च्या सप्टेंबरात 5 टक्क्यांवर आला. पाळी गेलेल्या बाईची लघवी गळते, हे धोरण लिहिणाऱ्यांच्या मनात सहज येत नाही.

कामाच्या जागेचे नियमही तिला वगळूनच लिहिलेले आहेत. 1948 च्या कारखाने कायद्यात स्त्रियांसाठी वेगळं स्वच्छतागृह बंधनकारक झालं, पण शेत म्हणजे कारखाना नव्हे. रोजगार हमीची कल्पना महाराष्ट्राने देशाला दिली. केंद्राच्या 2005 च्या रोजगार हमी कायद्यात कामावर पिण्याचं पाणी, सावली आणि प्रथमोपचाराची पेटी हवी असं लिहिलं गेलं, त्या यादीत संडास मात्र नव्हता. युरोपला द्राक्षं पाठवायची असतील तर ग्लोबलगॅपचं प्रमाणपत्र लागतं, आणि त्यासाठी तोडणीच्या मजुरांना स्वच्छ संडास व हात धुवायची सोय द्यावी लागते. म्हणजे आपल्या शेतात सोय होऊ शकते, झालेलीही आहे. ती झाली फळ स्वच्छ राहावं म्हणून, खाणाऱ्याच्या काळजीने. तोडणाऱ्या बाईच्या गरजेसाठी ती करायला कुणाचं प्रमाणपत्र लागू नये.

दोन ठिकाणी आपला हात पोचतो. हरसूल परिसरातल्या गावांना पेसा कायदा लागू आहे, आणि 2015 पासून आदिवासी उपयोजनेतला 5 टक्के निधी अशा गावांना थेट मिळतो. तो कशावर खर्चायचा हे ग्रामसभा ठरवते. जिथून मजुरांच्या गाड्या सुटतात तिथे पाणी, कडी, हुक आणि झाकणाची कचरापेटी असलेली बायकांची खोली, हा ठराव आशाताई आणि बचत गटांनी मांडावा. वापरलेली पॅड जाळू नयेत, त्यात प्लास्टिक असतं. ओढ्यात तर नाहीच. कागदात गुंडाळून टाकायला जागा हवी, म्हणून त्या पेटीचा आग्रह.

दुसरं ठिकाण मुकादमाशी बोलणी होतात ते. दर ठरतो, गाडीभाडं ठरतं, जेवणाची सुट्टी ठरते. त्यातच आडोसाही ठरवून घ्यावा. बागेत शेडनेटचे तुकडे आणि बांबू पडलेलेच असतात. चार बांबू, तीन बाजूंनी नेट, एक खड्डा, एक बादली पाणी, अर्ध्या दिवसाचं काम. फवारणीला मास्क मागितला तर मालक आता नाही म्हणत नाही, कारण बरीच वर्षं कुणीतरी तो मागत राहिलं. टोळीतल्या एकीने एकटीने आडोसा मागितला तर तिची चेष्टा होईल. पंधरा जणींनी दर ठरवताना मागितला तर तो दराचाच भाग होईल. आणि तो मिळाला की त्यातल्या निम्म्या जणींना आज लागतं त्याहून लहान पॅड पुरेल.