जुन्या चांदीवरील खुणा

दवनीवाड्याकडील एखाद्या घरीं मोडींत घालावयाच्या चांदीच्या भांड्यावर चालता सिंह आढळला, तर तें घराण्याचें चिन्ह समजूं नये. तो इंग्लंडांतील कसाचा छाप. हजारांत ९२५ भाग चांदी, एवढाच त्याचा अर्थ. विलायती धर्तीचीं कुलचिन्हें आपल्याकडे नव्हतींच. अनेक संस्थानिकांना तीं १८७७ च्या दिल्ली दरबारीं मिळालीं, तींहि रॉबर्ट टेलर नांवाच्या मुलकी अधिकाऱ्यानें आंखलेलीं! येथलें नागपूरकर भोसल्यांचें राज्य तर १८५४ सालींच खालसा झालें होतें.

आपली खूण म्हणजे कांठावर किंवा बुडाशीं घातलेलें नांव, क्वचित् शक. शकांत ७८ मिळवावे, म्हणजे इसवी सन बहुधा निघतो. भांडें सोनाराकडे धाडण्यापूर्वीं तीं अक्षरें उतरून घ्यावींत. वंशावळींत कोठेंच नसलेलें पणजीचें नांव कदाचित् तेवढ्या वाटीवरच उरलेलें असेल.