जुना ट्रॅक्टर घ्या, पण नावावर करून घ्या



उसाची बिलं बँकेत जमा झाली की गावोगाव जुन्या ट्रॅक्टरचे सौदे सुरू होतात. नवा ट्रॅक्टर प्रत्येकाला झेपत नाही, तेव्हा जुना घेण्यात कमीपणा काहीच नाही. परंतु बैल घेताना दात, खूर, चाल बघणारा आपला शेतकरी ट्रॅक्टर मात्र रंग बघून घेतो आणि स्टँपपेपरवर सह्या करून दारात आणतो. ही रीत घातक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

"लिहून दिलंय की, आणखी काय पाहिजे?" असे अनेक जण म्हणतात. पण मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे नोंदणी ज्याच्या नावाने, तोच मालक. २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले. गाडी हातोहात विकली गेली होती, पण नोंदणी पहिल्याच्याच नावाने होती. अपघाताची भरपाई त्याच्यावर आली. म्हणजे धोका विकणाऱ्यालाही आहे. घेणाऱ्याचे तर विचारूच नका. आधीच्या मालकाचे कर्ज थकले असेल, तर वसुलीवाले ट्रॅक्टर तुमच्या रानातून ओढून नेतील.

म्हणून आधी कागद बघा. आर. सी. बुकावरचे इंजिन व चासी नंबर स्वतः ताडून पाहा. बोजा असेल तर बँकेचा दाखला व फॉर्म ३५ घ्या. नावावर करण्यासाठी फॉर्म २९ व ३० लागतात. विमा चालू आहे का, ट्रॉलीची वेगळी नोंदणी आहे का, हेही विचारा. सगळी रक्कम आधी देऊ नका. काही नाव लागेपर्यंत राखून ठेवा.

मग ओळखीचा मिस्त्री घेऊन इंजिन गार असतानाच जा. निळा धूर निघतच राहिला, तर ऑईल जळतंय समजा. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग असेल तर परत फिरा. नांगर उचलून इंजिन बंद करा. तो लगेच खाली बसला तर हायड्रॉलिकचे काम निघणार. मीटरवर तास कमी आणि पेडलचे रबर गुळगुळीत, असे दिसले तर मीटरवर विश्वास ठेवू नका.

वर्षभर राबून आलेले पैसे आहेत. आठ दिवस उशीर झाला तरी चालेल, पण नाव लावूनच घ्या.

— ऊस विकास अधिकारी