घरची कोकणी आणि गाण्यातली ब्रज

लाटंबार्से हे गाव गोव्याच्या डिचोली तालुक्यात, दोडामार्गच्या हद्दीला लागून. तेथून आमच्या कोल्हापुरात राहावयास आलेल्या एका मुलाच्या आईने परवा मला विचारले, "गुरुजी, घरात कोकणी बंद करू का? हा मराठी हेल काढून बोलतो, म्हणून सगळे हसतात." हसणारे परके नव्हेत, आपल्याच जुन्या वाड्यांतले आहेत, म्हणून हे लिहितो.

हा मुलगा घरी कोकणी बोलतो. आरत्या, भजने, शाळेची पुस्तके मात्र त्याला पहिल्यापासून मराठीत. माझ्याकडे तो ख्याल शिकतो, तेव्हा बंदिशींची ब्रज ही तिसरीच बोली आली. आपली मुले ‘कौन’चे ‘कउन’ करतात. दरबारात गायलेले माझे वडील एवढ्यावरून तंबोरा खाली ठेवावयास लावीत. या मुलाने पहिल्याच दिवशी ‘कौन’ बरोबर म्हटले. त्यात तसे नवल नाही. कोकणीत ‘ए’ आणि ‘ओ’ यांचे मिटलेले नि उघडे असे दोन दोन उच्चार आहेत, आणि त्यांतले उघडे हिंदी ‘ऐ’, ‘औ’च्या अगदी जवळचे. शिदोरी घरूनच आलेली.

नवल वाटले ते ‘साजन’चे. त्यातला ‘ज’ आपण दाताशी नेतो, कोकणी माणूसही नेतो. हिंदीत तो टाळूचा. येथे घरची शिदोरी नव्हती, तरी एकदा सांगताच त्याने बदलला. इतरांकडून तोच ‘ज’ मी महिनाभर घोटवून घेतो. समोरचे माणूस बदलले की आपलेही बोलणे बदलावयाचे, ही सवय ज्या पोराला दिवसातून दहा वेळा होते, त्याचा कान एकाच उच्चाराला चिकटून बसत नसावा. एका मुलावरून नियम बांधू नये हे कळते. पण कॅनडात इंग्रजी-फ्रेंच अशा दोन्ही भाषा बोलणाऱ्यांनी इंग्रजीचीच एक नवखी लकब एकभाषी मंडळींपेक्षा चांगली उचलली, असे एका अभ्यासात दिसले आहे.

अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारचे गवई. त्यांच्या थोर शिष्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर, दोघीही गोव्याच्या. त्यांची थोरवी तालमीची आणि कष्टाची. तिचे श्रेय कोकणीला देण्याचा आचरटपणा मी करणार नाही. घरच्या बोलीने त्यांचे गाणे अडले नाही, इतकेच.

त्या बाईंना मी सांगितले, कोकणी चालू राहू द्या. हसणाऱ्यांना शिकवणीच्या वेळी बोलावले आहे, ‘कौन’ म्हणून दाखवायला. अजून कोणी आलेले नाही.