दिवेलागणीची पाखरं

रोहिणीत एखादा जोरदार वळीव पडून गेला, की पुढच्या एक-दोन संध्याकाळी सातारा-सांगलीकडच्या घराघरांत एकच गोंधळ असतो. बाहेर ओल्या मातीचा वास, आत तव्यावर भाकरी, आणि ट्यूबभोवती पाखरांचं घोंगावणं. पंख फुटलेली वाळवी आमटीत पडते, पिठात पडते, बाळाच्या दुपट्यावर पडते. तपकिरी भुंगेरे भिंतीवर टपाटप आपटून उताणे होतात. सासूबाई ओरडतात, "अगं, दार लाव!" आणि लगेच त्याच म्हणतात, "दिवेलागणीला दार लावू नये." सकाळी पंखांचा ढीग झाडायला मात्र घरातली एकच व्यक्ती असते. ती कोण, हे सांगायला नको.

मैत्रिणींनो, या त्रासाला आपण "चार दिवसांचं तर आहे" म्हणून सोडून देतो. घरातली पुरुषमंडळी तर हसण्यावारी नेतात. पण ही पाखरं कोण आहेत हे नीट पाहिलं, तर हसायचं काही उरत नाही.

आधी वाळवीचं बघू. पहिल्या पावसानंतर वारुळातून पंखांच्या वाळव्या बाहेर पडतात, थोडा वेळ उडतात, पंख टाकतात आणि जोडीजोडीनं नवं घर शोधतात. त्यातल्या बहुतेक पाली, बेडूक आणि पाखरांच्या पोटात जातात. त्या चावत नाहीत आणि उडताना लाकूडही खात नाहीत. बाहेरून उजेडावर आलेल्या असतील तर साबणाच्या पाण्यात झाडून टाकाव्यात, विषय संपला. पण त्या दाराच्या चौकटीतून, भिंतीच्या भेगेतून किंवा माळ्याच्या कोपऱ्यातून बाहेर पडताना दिसल्या, तर समजावं की वाळवीचं बिऱ्हाड आपल्याच घरात आहे. मग दुसऱ्या दिवशी उजेडी भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या शोधायच्या आणि पहिली ट्रंक उघडायची ती कागदपत्रांची. सातबारा, शाळा सोडल्याचा दाखला, लग्नातला शालू, वाळवीला सगळं सारखंच. ट्रंक भिंतीपासून हातभर लांब, विटांवर ठेवलेली बरी. आतल्या वारुळाचा बंदोबस्त मात्र जाणकार माणसाकडूनच करून घ्यावा.

आता ते भुंगेरे. आपल्या कृष्णाकाठच्या उसाला लागणारी हुमणी सगळ्यांना माहीत आहे. पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली अळी मुळं खाते, ऊस पिवळा पडतो आणि हलकं ओढलं तरी ठोंब हातात येतो. त्या हुमणीची आई म्हणजे आपल्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर आपटणारा भुंगेरा! वळवानंतर तो अंधार पडताना जमिनीतून निघतो, कडुनिंब-बाभळीवर बसून पाला खातो, आणि मग मादी जमिनीत शिरून अंडी घालते. म्हणजे ज्या संध्याकाळी आपण केरसुणी घेऊन धावतो, तीच संध्याकाळ शेतकऱ्यानं जागं राहण्याची असते. वाळवा तालुक्यातल्या आमच्या एका बचत गटाच्या बैठकीत हे बोलणं निघालं, तेव्हा एक काकू म्हणाल्या, "मग आमच्या मालकांना सांगा की. मी सांगते तर म्हणतात, तुला किड्यांची भीती वाटते."

तर मालकांसाठीच सांगते. घरापासून लांब, शेताच्या कडेला संध्याकाळी सात ते नऊ एक दिवा लावावा आणि खाली पसरट टबात पाणी ठेवावं. पूर्वी त्यात रॉकेल घालत, साबणाचा चुरा टाकला तरी चालतो. रात्रभर दिवा ठेवू नये, पिकाच्या उपयोगाचे किडेही त्यात मरतात. त्याच वेळी कडुनिंबाच्या फांद्या हलवून पडलेले भुंगेरे गोळा करावेत. एकट्यानं करून भागत नाही, शेजारच्या शेतातले उडून येतातच. अख्ख्या आळीनं एकदम करायचं हे काम आहे.

घरात मुख्य दोष उजेडाचा. 2024 साली लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की किडे दिव्याकडे ओढले जातात असं म्हणणं पुरतं बरोबर नाही. उडताना पाठ उजेडाकडे ठेवायची त्यांना सवय, कारण रात्री आभाळ जमिनीपेक्षा उजळ. दिवा भेटला की ते त्याच्याकडे पाठ करून गिरक्या घेत राहतात, सुटताच येत नाही. पांढऱ्या-निळसर उजेडावर किडे जास्त जमतात, पिवळ्यावर कमी. तेव्हा पावसाळ्याचे दोन महिने दाराबाहेर आणि ओट्यावर पिवळा बल्ब लावून बघा.

राहिला दिवेलागणीचा प्रश्न. तुळशीपाशी दिवा लावावा, देवाला लावावा, पण तो अर्धा-पाऊण तास आतली ट्यूब बंद ठेवून जाळीचं दार ओढून घ्यावं. जाळीतून लक्ष्मीला अडत नाही असं मला तरी वाटतं. जेवणं उजेड असतानाच उरकली तर आणखी बरं.

औषधाचं मात्र सांभाळून. त्याच बैठकीत एका सुनेनं शेतातलं उरलेलं औषध पाण्यात मिसळून चौकटीवर मारल्याचं सांगितलं. रात्रभर घरात कुणाला झोप नाही, लहान मुलगी ओकत होती. शेतातली बाटली उंबऱ्याच्या आत आणायचीच नाही. फवाराही उघड्या अन्नाजवळ नको.

आणि एक, बारीक, मुंगीसारखा लांबट, नारिंगी-काळा किडा अंगावर बसला तर चिरडू नका, फुंकर मारून उडवा आणि जागा साबणानं धुवा. तो चिरडला की आतल्या रसानं कातडी भाजल्यासारखी होते. आपण त्याला "कोळी फिरला" म्हणतो, कुणी नागीण समजून मंत्र घालायला जातं. फोड डोळ्याजवळ असेल तर सरळ दवाखाना गाठावा.

हे सगळं करूनही खिडकीला जाळी नसेल तर निम्मं वाया. आणि जाळीचं नाव काढलं की "पुढच्या वर्षी बघू." मोटारसायकलला नवं सीट कव्हर मात्र याच वर्षी येतं! आमच्याकडे सहा पावसाळे असेच गेले. यंदा मी मुकाट्यानं परातीत पडलेले भुंगेरे झाकणाच्या डब्यात भरले आणि ह्यांच्या चहाशेजारी ठेवून म्हटलं, "तुमच्या उसातली हुमणी." खिडक्यांची मापं त्याच दिवशी घेऊन झाली. सुतार सोमवारी येतो म्हणालाय.