स्कॅनमधली प्रत्येक वाढ कर्करोगाची नसते

‘इम्युनोथेरपी सुरू असताना स्कॅनमध्ये गाठ वाढली, म्हणजे उपचार फसले,’ हा मागील अंकातील पत्रलेखकाचा निष्कर्ष घाईचा आहे. या उपचारांच्या खर्चाबद्दलचा त्यांचा संताप मात्र रास्त आहे आणि तो मलाही जाळतो.

पेट स्कॅनमध्ये शिरेतून दिलेली किरणोत्सारी साखर जिथे जास्त ओढली जाते, तो भाग उजळतो. कर्करोगाच्या पेशी ती ओढतातच, पण क्षयाच्या गाठी आणि दाहाच्या जागी जमलेल्या पांढऱ्या पेशीही ओढतात. इम्युनोथेरपीचा उद्देशच या पांढऱ्या पेशींना गाठीवर सोडण्याचा. त्या आत शिरल्या, की गाठ काही काळ फुगलेली दिसू शकते. म्हणूनच इम्युनोथेरपीला गाठीने दिलेला प्रतिसाद स्कॅनवरून ठरवण्याच्या २०१७ च्या ‘आयरेसिस्ट’ (iRECIST) निकषांत पहिली वाढ ‘अद्याप अनिश्चित’ धरतात आणि रुग्णाची प्रकृती स्थिर असेल, तर ४ ते ८ आठवड्यांनी पुन्हा स्कॅन करून खात्री करतात.

अर्थात, असा फसवा फुगवटा क्वचितच आढळतो. बहुतेकदा वाढ खरीच असते. रुग्णाला खोटी आशा दाखवणे हेही क्रौर्यच. पण क्षयरोग घरोघरी माहीत असलेल्या आपल्या देशात उजळलेली लसिकाग्रंथी पाहून, शक्य असूनही तिचा तुकडा न तपासता उपचार बदलणे मला मान्य नाही. रेडिओलॉजिस्टला कोणते औषध, कधीपासून सुरू आहे हे कळवा, जुने स्कॅन सोबत द्या, आणि शंका उरलीच तर बायोप्सीबद्दल डॉक्टरांना नि:संकोच विचारा.

– एक वाचक, सांगली