दिवा कपाटांतला कीं हातांतला?

संग्रहाची आवड मनुष्यमात्रास उपजतच असते. लहान मूल नदीकांठचे गोटे खिशांत भरतें, शाळेंतला मुलगा तिकिटें व नाणीं जमवितो, आणि मोठेपणीं ऐपत वाढली कीं हीच आवड घड्याळें, लेखण्या, चाकू, जुनीं यंत्रें यांकडे वळते. या यादींत अलीकडे एका वस्तूची भर पडली आहे. ती वस्तु म्हणजे विजेरी; जिला आपण घरीं बोलतांना नुसतें 'बॅटरी' म्हणतों ती. केवळ संग्राहकांसाठीं, मागणीबरहुकूम व मोजक्याच संख्येनें घडविलेल्या एलईडी विजेऱ्या आज अमेरिकेंत, युरोपांत व चीनमध्यें विकल्या जातात. आपल्याकडील विद्यार्थीही त्यांचीं चित्रें कुतूहलानें पाहतात, आणि कोणी कोणी घरीं हट्टही धरतात. अशा वस्तूविषयीं आपण काय मत बाळगावें, याचा थोडा विचार विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं करावा, असें आम्हांस वाटतें.

विजेरीचा इतिहास फारसा जुना नाहीं. न्यूयॉर्क येथें राहणाऱ्या डेव्हिड मिसेल नांवाच्या इंग्रज संशोधकास १० जानेवारी १८९९ रोजीं तिचें पेटंट मिळालें. कागदी नळींत एकामागें एक ठेवलेले सेल, पुढें लहानसा दिवा व त्यामागें पितळेचा परावर्तक, एवढाच तिचा थाट होता. कॉनरॅड ह्यूबर्ट यांच्या कंपनीनें त्या तयार केल्या व कांहीं न्यूयॉर्कच्या पोलिसांस भेट दिल्या. त्या काळचे सेल इतके दुबळे असत, कीं प्रकाश सतत मिळत नसे. क्षणभर चमकावें आणि विसावा घ्यावा, अशी तऱ्हा होती. इंग्रजींत या वस्तूस 'फ्लॅशलाइट' हें नांव पडलें तें यामुळेंच. पुढें १९७९ सालीं अँथनी मॅग्लिका यांनीं कॅलिफोर्नियांत ॲल्युमिनियमची भक्कम 'मॅग्लाइट' बाजारांत आणली, आणि विजेरी ही बिघडतांच फेंकून द्यावयाची वस्तु न राहतां वर्षानुवर्षें सोबत करणारें साधन होऊं शकते, हें लोकांच्या ध्यानीं आलें.

खरी क्रांति मात्र एलईडीनें केली. निक होलोन्याक यांनीं १९६२ सालीं डोळ्यांस दिसेल असा लाल प्रकाश देणारा एलईडी तयार केला. परंतु पांढऱ्या उजेडासाठीं तेजस्वी निळा एलईडी हवा होता, आणि तो साधण्यास आणखी तीस वर्षें लागलीं. इसामु अकासाकी, हिरोशी अमानो व शुजी नाकामुरा या तिघांनीं तें कोडें सोडविलें, व त्याबद्दल त्यांस २०१४ सालीं पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. निळ्या प्रकाशाच्या वाटेवर पिवळें तेज देणाऱ्या स्फुरक द्रव्याचा पातळ थर ठेवला, कीं दोहोंच्या मिश्रणानें डोळ्यांस पांढरा उजेड दिसतो. जुन्या तारेच्या दिव्यापासून एका वॅटमागें सुमारें १६ ल्युमेन प्रकाश मिळे. पारितोषिकाच्या वेळीं उत्तमांतल्या उत्तम एलईडीपासून ३०० हून अधिक मिळूं लागला होता. थोड्या शक्तींत पुष्कळ उजेड, हें या शोधाचें सार होय. ज्याच्या घरीं वीज नाहीं किंवा असून नसल्यासारखी आहे, त्यालाच या शोधाची सर्वांत अधिक गरज होती.

आतां संग्राहकाची विजेरी कशी असते तें पाहूं. कारागीर आपल्या लहानशा कारखान्यांत टिटॅनियमची, तांब्याची किंवा पितळेची कांब लेथवर कातून तिची नळी करतो, पकड यावी म्हणून तिच्यावर बारीक खांचा पाडतो, आणि झांकण फिरवितांना कोठेंही खरखर लागूं नये इतके सफाईनें आंटे पाडतो. टिटॅनियम तापविलें किंवा त्यावर विजेची प्रक्रिया केली, कीं रंग न लावतांच निळ्या, जांभळ्या, सोनेरी छटा उमटतात. पृष्ठावर बसणारा ऑक्साइडचा थर जितका जाड, तसा परावर्तित प्रकाशाचा रंग बदलतो. कोणी निरनिराळ्या धातूंचे थर एकजीव करून लांकडाच्या रेषांसारखी नक्षी उमटविण्याची 'मोकुमे-गाने' ही जपानी कला तिच्यावर योजतो, तर कोणी अंधारांत ती चटकन सांपडावी म्हणून ट्रिटियम वायूनें भरलेली कांचेची बारीक नळी तिच्या अंगांत बसवितो. शेवटीं तिच्यावर क्रमांक कोरला जातो: पन्नासांपैकीं सातवी, शंभरांपैकीं तेविसावी. किंमत शेंकडों डॉलर असते, म्हणजे आपल्या चलनांत वीस-पंचवीस हजार रुपये, व कित्येकदां त्याहूनही पुष्कळ अधिक.

या कारागिरीस नांवें ठेवण्याचें आमच्या मनांत मुळींच नाहीं. एका मनुष्यानें एक वस्तु आरंभापासून शेवटपर्यंत आपल्या हातानें घडवावी, तिच्यांत कसूर राहिल्यास स्वतः लाजावें, आणि ती बिघडल्यास स्वतः उघडून दुरुस्त करावी, ही वृत्ति आजच्या यंत्रयुगांत दुर्मिळ झाली आहे. बाजारांत मिळणाऱ्या कित्येक स्वस्त विजेऱ्या अशा बंदिस्त असतात, कीं आंतला सेल संपला म्हणजे सबंध वस्तुच केरांत जाते. त्यांच्याशीं तुलना करतां, पेंच सोडून उघडतां येणारी व सुटा भाग बदलतां येणारी विजेरी केव्हांही श्रेष्ठ. पुण्याच्या तांबट आळींतील कारागिरांनीं पिढ्यान्पिढ्या तांब्याचा पत्रा ठोकून बंब, घंगाळीं व हंडे घडविले. त्यांवरील ठोक्यांची चमक पाहून आजही डोळे निवतात. मात्र तीं भांडीं रोज चुलीवर चढत, रोज घांसलीं जात, पोचा पडल्यास पुन्हां तांबटाकडे जात. त्यांचें सौंदर्य कामांतून उजळत असे.

म्हणून मोल कारागिरीचें आहे कीं केवळ देखाव्याचें, हें पारखतां आलें पाहिजे. शास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांस एक उदाहरण देतों. एलईडी तापत नाहीं हा समज चुकीचा आहे. त्याच्या चिमुकल्या तुकड्यांत निर्माण होणारी उष्णता झटपट बाहेर गेली नाहीं, तर प्रकाश मंदावतो व आयुष्यही घटतें. ही उष्णता वाहून नेण्याचें काम विजेरीच्या धातूच्या अंगाकडे असतें. या कामीं शुद्ध तांबें शुद्ध टिटॅनियमपेक्षां सुमारें १८ पट सरस आहे, व साधें ॲल्युमिनियमही सुमारें १० पट. तरीही संग्राहकांचा ओढा बहुधा टिटॅनियमकडे, कारण तें गंजत नाहीं, बळकट असतें आणि दिसतें देखणें. म्हणजे अधिक दाम मोजून जो धातु घेतला, तो विजेरीच्या मुख्य कामास कमी योग्य! ही निवड करण्याचा ज्याला त्याला अधिकार आहे. परंतु निवड करतांना आपण प्रकाश विकत घेत नसून रूप विकत घेत आहों, एवढें तरी त्यानें जाणावें.

'मर्यादित आवृत्ति' या शब्दांचाही असाच उलगडा केला पाहिजे. वस्तु थोडी असण्याचीं कारणें तीन प्रकारचीं असतात. पहिलें कारण काळ. शंभर लामणदिव्यांपैकीं नव्वद मोडीत गेले व दहा उरले, तर ते दहा आपोआपच दुर्मिळ झाले. दुसरें कारण श्रम. एकटा कारागीर वर्षाकांठीं जितक्या वस्तु नीट करूं शकेल तितक्याच होणार. तांब्याच्या पत्र्यावर सुईनें रेखलेलें चित्रही थोडेच ठसे देऊन झिजतें. या दोन्ही मर्यादा प्रामाणिक आहेत. तिसरें कारण निव्वळ ठराव. हजार सहज करतां येतील अशा वस्तूच्या शंभरच करावयाच्या, म्हणजे लोक घाईनें धांवतील व शेजाऱ्याला न मिळालेली वस्तु आपल्याला मिळाली या समाधानाची वेगळी किंमत देतील. या तिसऱ्या मर्यादेंत वस्तूचा गुण रतिभरही वाढत नाहीं. वाढते ती घेणाऱ्याची अधीरता. क्रमांक कोरलेली प्रत्येक वस्तु यांतील कोणत्या कारणामुळें थोडी आहे, हा प्रश्न विद्यार्थ्यांनीं विचारण्यास शिकावें. पुढील आयुष्यांत हा प्रश्न त्यांचे पुष्कळ पैसे वांचवील.

याहून मोठी गंमत अशी, कीं विजेरी हा जपून ठेवण्याजोगा ऐवजच नव्हे. सोन्याचें नाणें पेटींत शंभर वर्षें जसेंच्या तसें राहतें. विजेरीचें तसें नाहीं. आंत अल्कलाइन सेल विसरला तर तो पाझरून धातूचे सांधे खातो. पुन्हां पुन्हां भरतां येणारा लिथियमचा सेल न वापरतांही वर्षागणिक आपली शक्ति गमावतो. ज्या ट्रिटियमच्या नळीचें एवढें कौतुक, तिचें तेज सुमारें १२ वर्षांत निम्म्यावर येतें, मग विजेरी खिशांत असो वा मखमलीच्या पेटींत. ज्यानें ती रोज वापरली त्याला तिचें पुरतें फळ मिळालें. ज्यानें मिरविण्यासाठीं राखली त्याच्या हातीं शेवटीं एक थंड नळी राहिली.

आणि बाहेर अंधार तर आहेच. भारतांत २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशानें सुमारें १२ लाख माणसें दगावलीं, असा अभ्यासकांचा अंदाज आहे, व त्यांतील बहुतेक खेड्यांतील होतीं. मण्यार रात्रींच हिंडतो. अंधारांत पाऊल टाकण्यापूर्वीं पुढें उजेड पाडावा, हा या संकटावरचा अगदीं साधा उपाय. कृषिपंपास रात्रींची वीज मिळाली म्हणून पिकाला पाणी देण्यास बांधावर जाणारा शेतकरी, पहांटे परसांत जाणारी वृद्धा, गोठ्यांत व्यालेली गाय पाहावयास उठलेला मुलगा, यांच्या हातांत चांगली विजेरी असणें ही चैन नव्हे. तीन-चारशें रुपयांत कामचलाऊ विजेरी मिळते. एका क्रमांकित विजेरीच्या किंमतींत अशा पन्नास घरांत उजेड पोंचूं शकेल.

यावर कोणी म्हणेल, 'हा न्याय लावला तर चित्र, वाद्य, कोरीव मूर्ति यांपैकीं कांहींच घ्यावयास नको. प्रत्येक वेळीं गरिबाचा हिशेब पुढें येणार.' हा आक्षेप विचार करण्यासारखा आहे. आमचें म्हणणें असें, कीं चित्र पाहिल्यानें व वाद्य वाजविल्यानें त्यांचें काम होतें, व त्यांचा आनंद चार जणांस वांटतां येतो. सुंदर समई घरीं असावी, यांत गैर कांहींच नाहीं, कारण ती तिन्हीसांजेला लागते. सुंदर विजेरीसही आमची हरकत नाहीं. हरकत आहे ती, जिचा जन्म उजेडासाठीं झाला तिला कधींच न लावण्यास, आणि ती दुसऱ्यापाशीं नाहीं यांतच धन्यता मानण्यास.

संग्रह कसा करावा याचा एक उत्तम दाखला आपल्या महाराष्ट्रांतच आहे. पुण्याचे कै. दिनकर केळकर यांनीं १९२० च्या सुमारास जुन्या वस्तु जमविण्यास आरंभ केला, आणि आयुष्यभर गांवोगांव हिंडून दिवे, अडकित्ते, दौती, दरवाजे, भांडीं अशा सामान्य माणसांच्या नित्याच्या वस्तु हजारोंच्या संख्येनें गोळा केल्या. त्या कोणी दुर्मिळ म्हणून घडविलेल्या नव्हत्या. त्या वापरून झिजल्या होत्या, आणि त्यांत त्या घडविणाऱ्या व वापरणाऱ्या लोकांचें जीवन सांठलें होतें. हा सारा ठेवा त्यांनीं आपल्या अकालीं निवर्तलेल्या राजा या मुलाच्या नांवें उभारलेल्या संग्रहालयाच्या रूपानें लोकांस खुला केला. तेथील दिव्यांचें दालन आमच्या विद्यार्थ्यांनीं अवश्य पाहावें. ज्यानें स्वतःपुरतें सांठविलें व ज्यानें सर्वांसाठीं सांठविलें, त्यांतील अंतर तेथें कळून येतें.

पालकवर्गास आमची विनंति आहे, कीं मुलानें अशी वस्तु मागितल्यास रागावून गप्प बसवूं नये, व केवळ हट्ट म्हणून पुरवूंही नये. त्याला तीन प्रश्न विचारावे. ही तूं रोज लावणार काय? ही बिघडल्यास उघडून नीट करतां येईल काय? आणि शेजाऱ्यानें रात्रीं मागितली तर ती तूं संकोच न करतां देशील काय? तिन्हींचें उत्तर 'होय' असेल, तर ऐपतीप्रमाणें चांगली विजेरी त्यास खुशाल घेऊन द्यावी.

आणि विद्यार्थिमित्रहो, खरी मर्यादित आवृत्ति हवी असेल तर ती स्वतःच्या हातानें करा. दीड व्होल्टचे तीन सेल, एक पांढरा लहान एलईडी, ७५ ओहमचा एक रोधक, एक कळ आणि बांबूची किंवा पत्र्याची नळी, एवढ्या सामग्रींत ती होते. तीन सेलांचे साडेचार व्होल्ट. त्यांतील सुमारें तीन एलईडी घेतो, उरलेल्या दीड व्होल्टास रोधक अडवितो, आणि सुमारें २० मिलिॲम्पियर प्रवाह वाहतो, हा ओहमच्या नियमाचा हिशेब तुम्हांस वर्गांत शिकविलेलाच आहे. अशी विजेरी जगांत एकच असेल. तिच्यावर क्रमांक कोरण्याचीही गरज नाहीं.

डोंगरावरील प्रवचनांत प्रभूनें दिव्याचा जो दृष्टांत दिला आहे, तो आमच्या शाळेंतील प्रत्येक मुलास ठाऊक आहे. तो दिवा कोणत्या धातूचा होता, याविषयीं तेथें एक अक्षर नाहीं. तो लावल्यावर कोठें ठेवावा, एवढ्याचाच तेथें विचार केलेला आहे, आणि आमच्या मतें विजेरीच्या बाबतींतही तेवढाच विचार पुरे आहे.